दोर ओढणारा लीडर: चित्र गोड, हिशेब कच्चा

व्हॉट्सॲपवर फिरणारं ते चित्र पाहिलं नाही असा नोकरदार विरळाच. वर बॉस, ओझ्यावर खुर्ची टाकून बोट दाखवणारा. खाली लीडर, सगळ्यांच्या पुढे राहून स्वतः दोर ओढणारा. सोबत मजकूर: खरा लीडर सर्वांपेक्षा जास्त राबतो, कामात सर्वांत तरबेज असतो, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे असतं आणि तो सर्वांत शेवटी घरी जातो. बॉसवरचा राग रास्त आहे, पण सुचवलेला उपाय टीमला महागात पडतो.

‘सर्वांपेक्षा जास्त राबतो.’ मग बाकीच्यांचं अडलेलं काम कोण सोडवणार? आठ जणांच्या टीममध्ये लीडरने सर्वांत अवघड काम स्वतःकडे घेतलं, की मंजुरी, तपासणी, दुसऱ्या विभागाशी बोलणं हे सगळं त्याच्या टेबलावर तुंबतं आणि त्याच्या एका ‘हो’साठी तिघे-चौघे खोळंबतात. लीडरने हातचं काम जरूर ठेवावं, पण दोन दिवस उशीर झाला तरी कोणाचं अडणार नाही असंच.

त्यापेक्षा काम सोपवणं शिकावं. ‘हे जरा बघून घे’ म्हणजे सोपवणं नव्हे. नेमकं काय तयार हवं, कधीपर्यंत, कोणते निर्णय न विचारता घ्यायचे, कुठे थांबून विचारायचं आणि पहिली तपासणी कधी, या पाच गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. दहा दिवसांचं काम असेल तर पहिली तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नवव्या दिवशी दिशा चुकल्याचं कळलं तर लीडर रात्री बसून स्वतःच सगळं करतो, आणि पुढच्या वेळी काम सोपवायला धजत नाही. बहुतेक टीम इथेच फसतात.

‘कामात सर्वांत तरबेज असतो.’ अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांच्या विक्री विभागांवरचा एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने खालावली. गूगलने आपल्या चांगल्या मॅनेजरांचे आठ गुण काढले, त्यात तांत्रिक कौशल्य शेवटचं आणि माणसं घडवणं पहिलं. तांत्रिक समज लागतेच, नाहीतर कोणीही गंडवेल. पण त्यात पहिला नंबर असायची गरज नाही.

‘प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं.’ हे सर्वांत घातक. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा, की तिथले लोक चूक लपवत नव्हते. सर्वज्ञ लीडरसमोर ‘मला जमलं नाही’ कोण म्हणेल? म्हणून मीटिंगमध्ये लीडरने आपलं मत शेवटी मांडावं. आधी मांडलं की बाकीचे माना डोलावतात. आणि ‘काही अडचण?’ असं विचारू नये, उत्तर ‘नाही’च येतं. ‘शुक्रवारपर्यंत यातलं काय राहील असं वाटतं?’ असं विचारलं की काहीतरी नेमकं हाती लागतं.

‘सर्वांत शेवटी घरी जातो.’ तो बसलाय म्हणून बाकीचेही स्क्रीनकडे बघत बसतात, एवढंच. रोजच थांबावं लागत असेल तर कामाची वाटणी पुन्हा करावी, किंवा वरिष्ठांकडे जाऊन मुदत वाढवून घ्यावी. ते मात्र लीडरखेरीज दुसरं कोणी करू शकत नाही.