भरती, चुंबक आणि ‘एकच शक्ती’

उधाणाचे दिवस आले की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. चंद्र चुंबकशक्तीने समुद्राचे पाणी ओढतो, म्हणजेच गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व एकच आहेत, आणि आइनस्टाइन यांनी हे सिद्ध केले होते पण ते दडपले गेले, अशी तीन विधाने त्यात आहेत.

पहिले विधान सहज निकालात निघते. चंद्राला आज पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही; शिवाय पाणी चुंबकाकडे ओढले न जाता अत्यंत क्षीणपणे दूर सारले जाते. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अलीकडच्या बाजूस अधिक आणि पलीकडच्या बाजूस कमी असते. या फरकामुळे दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि आपल्या किनाऱ्यावर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्याचा परिणाम त्यात मिसळून उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सौम्य भरती, असतो.

दुसऱ्या विधानाचा विचार मात्र सावकाश करायला हवा, कारण बलांचे एकीकरण ही खरोखर घडलेली गोष्ट आहे. वीज आणि चुंबकत्व ही एकाच क्षेत्राची दोन रूपे असल्याचे मॅक्सवेल यांनी १८६०च्या दशकात समीकरणांनी दाखवले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली, ती याच नात्यामुळे: विद्युतप्रवाह आला की चुंबकीय नोंदी बिघडतात. या वेधशाळेच्या नोंदींत चंद्राचा अगदी बारीक ठसाही सापडतो. पण तो उच्च वातावरणातील विद्युतभारित हवा भरती-ओहोटीप्रमाणे हलल्याने उमटतो, चंद्र चुंबक असल्यामुळे नव्हे. पुढे ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी विद्युतचुंबकीय बल व किरणोत्सारी ऱ्हासामागचे क्षीण बल एका चौकटीत बसवले, आणि त्या सिद्धांताने भाकीत केलेले डब्ल्यू व झेड कण १९८३ मध्ये सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेत सापडले. गुरुत्वाकर्षणाबाबत असे काहीही घडलेले नाही. दोन प्रोटॉनांमधील विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणापेक्षा, एकावर छत्तीस शून्ये द्यावीत, इतके पट मोठे आहे; ही तफावत ‘एकच आहेत’ एवढे म्हणून मिटत नाही.

तिसरे विधान इतिहासाशी जुळत नाही. आइनस्टाइन यांनी आयुष्याची अखेरची सुमारे तीस वर्षे एकीकृत क्षेत्रसिद्धांतासाठी वेचली आणि आपले प्रयत्न उघडपणे प्रसिद्ध केले. १९२९ मधील प्रयत्नाची तर वृत्तपत्रांनी वाजतगाजत दखल घेतली. (दडपले कोणी, हे संदेश सांगत नाही.) ते प्रयत्न फसले. सिद्धांत आकर्षक असला तरी प्रयोगाने तो मोडीत निघतो, याचे उदाहरण नंतरचे आहे. अणुकेंद्रक बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलालाही सामावून घेणाऱ्या १९७४च्या साध्या महाएकीकरण सिद्धांतानुसार प्रोटॉनचा कधी तरी ऱ्हास व्हायला हवा होता. तो टिपण्यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणे बसवली गेली, नंतर जपानमध्ये सुपर-कामिओकांडेची पाण्याची प्रचंड टाकी उभी राहिली. निर्विवाद ऱ्हास कोठेही दिसला नाही आणि सिद्धांताचे ते साधे रूप सोडून द्यावे लागले.