आजोबांना खोटा युनिफॉर्म चढवू नका

नाशिकरोडला फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे फौजी गिऱ्हाईक आलंच. इकडे तोपखाना केंद्र, तिकडे देवळाली कॅम्प, आणि सिन्नर-निफाडकडच्या गावांत पेन्शनीवर आलेले जवान. माझं पोट चालतं ते लग्नांवर आणि गंगापूर धरणावरच्या प्री-वेडिंगवर. पण जीव रमतो तो माजी सैनिकांचे पोर्ट्रेट काढण्यात, आणि त्याबद्दलच आज जरा स्पष्ट बोलतो.

घरचे येतात ते फर्माईश घेऊनच. आजोबांचा आताचा चेहरा, खाली नेटवरून घेतलेला युनिफॉर्म, मागे तिरंगा आणि वर दोन लढाऊ विमानं. अहो, आजोबा तोपखान्यात होते, विमानं कशाला? शिवाय "सुरकुत्या तेवढ्या काढा" हे आहेच. असलं काम मी घेत नाही. गिऱ्हाईक तणतणत जातं आणि दुसरीकडून करून आणतं, आणू दे. ज्याने खरा युनिफॉर्म पंधरा-वीस वर्षं अंगावर वागवला, त्याला खोटा चढवायची गरजच काय? मेडल साध्या कोटावरही लावता येतात, डाव्या छातीवर.

पतीच्या पश्चात पत्नी ती मेडल लावते तेव्हा उजव्या छातीवर लावते. म्हणून स्टुडिओवाल्या मित्रांनो, "या बाजूने चेहरा चांगला दिसतो" म्हणत फोटो उलटा फिरवू नका. मेडल बाजू बदलतात आणि वीरपत्नीच्या फोटोचा अर्थच बदलतो.

आणि ती मेडल जरा हातात घेऊन बघा. ७१ च्या लढाईचं संग्राम मेडल असेल तर त्याची कड उजेडात फिरवा. नंबर, हुद्दा, नाव बारीक अक्षरांत कोरलेलं सापडेल. पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार, पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार. घरातल्या पोरांना यातलं काही ठाऊक नसतं, मेडल वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून असतात. मी त्या कडेचा क्लोजअप काढून पोर्ट्रेटसोबत देतो. लग्नाची तारीख विसरलेले आजोबासुद्धा आर्मी नंबर मात्र एका दमात म्हणून दाखवतात.

माझी खरी तक्रार आहे ती आपल्या प्रश्नांबद्दल. फौजी दिसला की "किती मारले?" किंवा "गोळी लागली होती का?" एवढंच आपल्याला सुचतं. तो कसनुसा हसतो आणि गप्प बसतो. फौज काय नुसत्या बंदुकीवर चालते? कुणी वायर टाकत होता, कुणी ट्रक चालवत होता, कुणी लंगरात रात्रभर शक्करपारे तळत होता, कारण पुढच्या चौकीवर टिकणारं खाणं तेच. या माणसांना आपण "म्हणजे तुम्ही लढाईत नव्हता" असं तोंडावर सांगतो.

सिन्नरकडचे एक हवालदार, ७१ ला राजस्थानच्या बाजूला ड्रायव्हर होते. कॅमेऱ्यासमोर लाकडासारखे ताठ. मी विचारलं, "काका, गाडी वाळूत रुतली की काय करायचात?" झालं! "आधी टायरची हवा कमी करायची. रेस द्यायची नाही, दिलीस की आणखी खाली जाते." बोलता बोलता दोन्ही हात हवेत स्टिअरिंगवर आले, मग डावा खाली गिअरवर गेला, आणि डोळे माझ्या डोक्यावरून लांब कुठेतरी लागले. तो फोटो मी काढला. सुनेला आवडला नाही, "सॅल्यूट करताना हवा होता" म्हणाली. काकांनी तोच फ्रेम करून नेला.

तोपखान्यातल्या जुन्या गड्यांची तऱ्हा वेगळी. तोफांनी कान गेलेले, त्यामुळे "इकडे बघा" ओरडून उपयोग नाही, हातवारे करावे लागतात. चष्म्यावर चकाकी येते म्हणून फ्लॅश बंद. खिडकीजवळ खुर्ची टाकायची, चहा द्यायचा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि बसायचं. कॅमेरा शेवटी येतो.

७१ ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, ६५ वाला ऐंशी ओलांडून गेला. कारगिलची पोरंसुद्धा पन्नाशीची झाली. आपल्याकडे चांगला फोटो शोधला जातो तो श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी, आणि तेव्हा मिळतो आधार कार्डावरचा.

तेव्हा नाशिक जिल्ह्यात तुमच्या ओळखीत ६५ किंवा ७१ मधलं कुणी असेल, अगदी लंगरवाला किंवा क्लार्क असला तरी, मेसेज करा. चालवत नसेल तर मी घरी येतो. या फोटोंचे पैसे घेत नाही. मेडल घासूनपुसून चकाचक करू नका, आहेत तशी ठेवा. आणि सुरकुत्या काढून मिळणार नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.