धरणाचं पाणी सोडलं म्हणून डोंगर सुरक्षित होत नाही

सध्या सोलापुरात घरोघरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. काल तो आत्याने आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘कोयनेचं पाणी सोडलंय, आता दादाला घाटात भीती नाही.’ तिचा मुलगा सांगोल्याहून डाळिंबाची पिकअप घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातो, म्हणून गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: दरडी धरणांमुळेच कोसळतात. धरण भरलं की डोंगर फुगतो, पाणी सोडलं की सावरतो. पाऊस थांबला की घाट लगेच सुरक्षित. आणि उजनी भरल्यामुळे यंदा माढा-करमाळ्याच्या टेकड्या खाली येणार.

पहिला मुद्दा लगेच निकालात निघतो. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळीये गाडलं गेलं, 30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला वाहून गेली. दोन्हीकडे कारण होतं ते मुसळधार पावसाचं. त्या उतारांच्या पायथ्याशी धरणाचं पाणी नव्हतं.

पण धरणाचा आणि दरडीचा काहीच संबंध नाही, असं मात्र म्हणता येत नाही. जलाशयाच्या अगदी काठावरचा उतार कमकुवत असेल तर पाण्याची पातळी त्याला हलवू शकते. फॉरवर्डवाल्याने एवढं अर्धं खरं उचललं आणि पुढचं नेमकं उलटं सांगितलं.

ज्यांच्या शेतात न बांधलेली विहीर आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात विहीर तुडुंब भरलेली असताना मोटर लावून झपाट्याने उपसा केला की मुरमाचा काठ धपकन आत येतो. भरलेली असताना तोच काठ उभा असतो, कारण आतलं पाणी त्याला टेकू देत असतं. पाणी उतरतं, टेकू जातो, पण काठाची माती आतून ओलीगच्च राहते. तिच्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ लागतो आणि तोवर ते मातीचे कण एकमेकांपासून सुटे करत राहतं. धरणाच्या काठी हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. पाणी चढताना पायथा भिजून कमकुवत होतो, आणि भराभर उतरताना धोका पुन्हा वाढतो.

इटलीतलं वायोंत धरण आठवा. तिथला डोंगर सरकतोय हे अभियंत्यांना 1960 पासून माहीत होतं. पातळी वरखाली करून त्याला आवरता येईल असा त्यांचा हिशोब होता. 1963 च्या सप्टेंबरात डोंगर वेगाने सरकू लागला, म्हणून पाणी उतरवायला घेतलं. सुमारे 10 मीटर उतरलं होतं, तेव्हा 9 ऑक्टोबरच्या रात्री जवळजवळ 27 कोटी घनमीटर डोंगर जलाशयात कोसळला. लाट धरणावरून उडून खालच्या गावांवर पडली आणि सुमारे 2000 माणसं गेली. धरणाची भिंत आजही उभी आहे. त्या रात्री तिथे पाणी कमीच होत होतं, आणि हा फॉरवर्ड त्यालाच सुरक्षितता म्हणतोय!

शिवाय कुंभार्ली घाट कोयनेच्या जलाशयात उतरत नाही. धरणाची पातळी काहीही असो, घाटाची कड भिजते ती पावसाने. आणि पाऊस थांबला तरी पाणी झिजलेल्या खडकातून, मातीतून खाली झिरपत राहतं, आतला दाब काही तासांनी, कधी काही दिवसांनीही वाढतो. आकाश निवळलेलं असताना दरड येते ती यामुळे. आत्याच्या मुलाला मी एवढंच कळवलंय: रस्त्याला नवी भेग, कलंडलेला खांब किंवा झाड, कड्यातून अचानक फुटलेला गढूळ झरा दिसला की गाडी तिथे उभी करायची नाही, मागे फिरायचं. आणि घाट बंद असेल तर माल सडला तरी चालेल.

उजनीचं म्हणाल तर माढा-करमाळ्याकडे जलाशयाचे काठ सपाट आहेत. पाणी ओसरतं तसे लोक तिथे गाळपेर करतात. काठाची माती कुठेकुठे ढासळते, पण गावावर येऊन पडेल असा उभा डोंगर तिथे कुठे आहे? उजनीतून मोठा विसर्ग सुटला की काळजी करायची ती भीमेच्या पुराची. तेव्हा पंढरपूरला वाळवंटात उतरू नका आणि नदीकाठची जनावरं, मोटारी आधी वर घ्या.