टाइप-सी दिसलं म्हणून मॉनिटर चालेलच असं नाही

‘लॅपटॉप असो की टॅब्लेट, टाइप-सी पोर्ट असेल तर कुठलीही टाइप-सी केबल लावा, मॉनिटर सुरू. दोन एचडीएमआयचा हब घ्या, दोन मॉनिटर चालतील. चित्र फिकं वाटलं तर एचडीएमआय 2.1 ची भारी केबल घ्या. तरी जमलं नाही तर मॉनिटरच खराब.’ हा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. चारही वाक्यं ठणकावून लिहिलीत, एवढंच त्यांचं बळ.

सगळा घोळ पहिल्या वाक्यात आहे. टाइप-सी हे पोर्टच्या आकाराचं नाव. 2014 साली हा आकार ठरला आणि त्याच वर्षी त्यातून डिस्प्लेपोर्टचा (एचडीएमआयसारखंच मॉनिटरला चित्र पाठवायची एक पद्धत) सिग्नल पाठवण्याची सोयही जाहीर झाली, पण ती ऐच्छिक. स्वस्तातल्या बऱ्याच टॅब्लेटमध्ये ती दिलेलीच नसते. तिथे दहा केबल बदलल्या तरी पडदा काळाच. डेटाच्या वेगावरूनही अंदाज लागत नाही. दहाव्या पिढीच्या आयपॅडचा पोर्ट डेटासाठी यूएसबी 2 इतका संथ आहे, तरी मॉनिटरला 30 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 30 वेळा बदलणारं, 4के चित्र देतो. म्हणून आपल्या मॉडेलच्या तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ हा शब्द शोधायचा, बस.

आणि ‘कुठलीही केबल’? चार्जरसोबत येते ती बहुधा चार्जिंग आणि यूएसबी 2 पुरतीच असते. चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या तिच्यात नसतातच. बाहेरून मात्र दोन्ही केबल जुळ्या बहिणी.

हबचं, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीचं, प्रकरण जास्त मजेदार आहे. टाइप-सीमध्ये अशा वेगवान जोड्या चार. हबवर यूएसबी 3 चे पोर्टही असले की साधारणपणे दोन जोड्या डेटाकडे जातात, चित्राच्या वाट्याला दोन उरतात. जुन्या डिस्प्लेपोर्टच्या हिशेबाने एका जोडीतून सेकंदाला 5.4 गिगाबिट; एन्कोडिंगची (सिग्नलच्या बांधणीतच खर्च होणाऱ्या भागाची) वजावट केली की दोन जोड्यांत सेकंदाला 8.64 गिगाबिट हाती लागतात. 60 हर्ट्झच्या 4के चित्राला नेहमीच्या रंगांत 12 च्या आसपास लागतात. मग हब गुपचूप 30 हर्ट्झवर उतरतो आणि माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा चालतो. यंत्र आणि हब दोघांनाही जोडीमागे 8.1 गिगाबिट जमत असतील तर त्याच दोन जोड्यांत 60 हर्ट्झ बसतं. खोक्यावर नुसतं ‘4के’ छापलेलं असेल तर हर्ट्झ किती, हे आधी विचारा.

दोन मॉनिटरचं म्हणाल तर, एका डिस्प्लेपोर्ट सिग्नलचे दोन पडदे करण्याची पद्धत विंडोजला चालते, पण मॅकओएसवर अशा हबमधून दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. शिवाय ॲपलच्या एम1 चिपचा मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतो. डिस्प्लेलिंक चिपचा डॉक ही पळवाट आहे. तो चित्र दाबून साध्या डेटासारखं पाठवतो, पण त्यासाठी ड्रायव्हर लागतो आणि प्रोसेसरवर थोडा भार पडतो.

भारी केबलने रंग खुलत नाहीत. सिग्नल डिजिटल आहे. केबल कमी पडली की पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र येतं-जातं, फिकं पडत नाही. फिकेपणाचं नेहमीचं कारण म्हणजे संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाची 16 ते 235 ही मर्यादित श्रेणी पाठवतो आणि मॉनिटर 0 ते 255 धरून बसतो. ते सेटिंगमध्ये, फुकटात सुटतं. केबल घ्यायचीच असेल तर 2.1 या आकड्यापेक्षा ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं स्कॅन करता येणारं लेबल पाहा, 48 गिगाबिटची खात्री त्यात असते.

राहिला ‘खराब’ मॉनिटर. मीही एकदा चांगल्या मॉनिटरवर असाच आळ घेतला होता. लॅपटॉपला एचडीएमआय, मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आणि मधे दोन टोकांना दोन वेगळे प्लग असलेली केबल. दोन्ही प्लग व्यवस्थित बसले, चित्र मात्र नाही. अशा साध्या केबल एकदिशा असतात: डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे. उलट न्यायचं तर वेगळा, वीज लागणारा कन्व्हर्टर हवा. हे कळेपर्यंत मी मॉनिटरच्या मेनूतला इनपुट पाच वेळा बदलून पाहिला होता. तसा तो आधी पाहावाच. बऱ्याचदा केबल एका पोर्टात असते आणि मॉनिटर भलत्याच पोर्टाची वाट बघत असतो.