मधुमेही गिऱ्हाइकाने औषधाच्या दुकानात कसे वागावे

आपल्याला मधुमेह असेल तर सर्वप्रथम हे मनावर बिंबवून घ्यावे की औषधाचे दुकान हे औषध मिळण्याचे ठिकाण आहे, माहिती मिळण्याचे नव्हे. ज्यांचे नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत झळकत असते, त्या फार्मासिस्टांना भेटण्याचा हट्ट धरू नये. देवळातही आपण मूर्तीलाच हात जोडतो, देव कुठे गेला असे पुजाऱ्याला विचारत नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी नेण्याचा खटाटोप करू नये. ‘ती पांढरी, लांबट, साखरेची’ एवढे वर्णन पुरते.

साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडच्या १ मिलिग्रॅमच्या गोळ्यांऐवजी २ मिलिग्रॅमच्या हाती आल्या आणि ‘कंटेंट सेमच आहे’ असे सांगण्यात आले, तर मुकाट्याने पैसे द्यावेत. दुपारचे जेवण लांबून साखर फार उतरली, घाम फुटला आणि हातपाय थरथरू लागले की फरक आपोआप समजतो.

इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. परंतु रात्री शटर ओढताना दुकानाचा फ्रिजही बंद होतो का, असे विचारणे असभ्यपणाचे आहे.

आता सिरिंजविषयी. गेल्या महिन्यात मी आईसाठी इन्सुलिनची बाटली आणि सिरिंजांचे पाकीट आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. बाटली नेहमीचीच, एका मिलिलिटरला ४० युनिटची होती. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते आणि १०० युनिटवाल्या बाटलीला नारिंगी टोपणाची, कारण सिरिंजेवरच्या रेघा त्या त्या बाटलीच्या हिशेबाने आखलेल्या असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. काउंटरवरच्या मुलाने मोबाइलवरची नजर न हलवता नारिंगी टोपणांचे पाकीट पुढे सरकवले. ‘लाल संपलीत, हीच चालते, सगळे हीच नेतात.’ आईने रोजच्याप्रमाणे २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि तिच्या अंगात गेली फक्त ८ युनिट.

साखर चढत गेली. बारा दिवस आम्ही घरातल्या घरात तपास यंत्रणा चालवली. वहिनीने लाडवांचा डबा माळ्यावर टाकला, मी आईच्या चहाचा घोट घेऊन पाहू लागलो, डॉक्टरांपाशी ‘ती पथ्य पाळत नाही’ अशी तक्रारही करून झाली आणि त्र्याहत्तर वर्षांच्या त्या बाईने आमच्या तोंडाला कंटाळून ‘खाल्ली असेन बाबा आंब्याची एखादी फोड’ असा न केलेला गुन्हा कबूल करून टाकला. तेराव्या दिवशी शेजारच्या नर्सबाईंनी टोपणाचा रंग पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. गफलत उलटी झाली असती, म्हणजे बाटली १०० ची आणि सिरिंज लाल असती, तर २० ऐवजी ५० युनिट गेली असती आणि हा लेख लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नसतो.

दुकानात जाब विचारला तेव्हा मालक म्हणाले, ‘काका, आकडा बघून घ्यायचा ना.’

आकडा काकांनीच बघायचा, तर तुम्ही तिथे कशासाठी बसला आहात? चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. ते रुग्णाला नीट समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कामच आहे, असे फार्मसी व्यवसायाच्या २०१५ च्या नियमावलीत लिहिलेले आहे. डॉक्टर आम्हाला तीन महिन्यांनी भेटतात, तुम्ही दर महिन्याला भेटता. सुई दर वेळी नवी घ्या, टोचण्याची जागा बदलत राहा, खिशात ग्लुकोज ठेवा, ही सिरिंज या बाटलीची नव्हे, एवढे बोलायला दोन मिनिटे लागत नाहीत. प्रमाणपत्र भाड्याने आणून भिंतीला लावायचे आणि बारावी नापास पोराच्या हाती इन्सुलिन द्यायचे, याला धंदा म्हणत नाहीत, लोकांच्या जिवाशी खेळ म्हणतात. आणि आम्हीही बिलावर वीस टक्के सूट मिळावी म्हणून अर्धा तास घासाघीस करतो, पण ‘फार्मासिस्ट कुठे आहेत’ हा प्रश्न आमच्या तोंडून एकदाही निघत नाही.

उरलेल्या सिरिंजा परत करायला मी आलो होतो. पाकीट एकदा फोडले की माल परत का घेता येत नाही, हे मात्र तुम्ही मला अगदी सविस्तर समजावून सांगितलेत.