खुलासा : ‘मोठेपणी नवी भाषा येत नाही’ हे अर्धसत्य

‘लहान मुलं भाषा विनासायास, चटकन उचलतात, मोठ्यांना जमत नाही’ असा मेसेज फिरतो आहे. सुरुवातीच्या वेगाबाबत तो चुकीचाच आहे. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या १९७८ च्या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन आणि प्रौढच लहानग्यांच्या पुढे होते. मुलं सरस ठरतात ती पुढे काही वर्षांनी, विशेषतः उच्चारांत. त्याचं एक मूळ ध्वनींतला फरक ऐकू येण्यात आहे. इंग्रजी घरातलं ६-८ महिन्यांचं बाळ हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतं. वर्षाचं होईतो ही क्षमता बरीच ओसरते. म्हणून प्रौढांनी अशा जोड्या आधी ऐकून ओळखाव्यात, मग उच्चाराव्यात. उलटं केलं, तर चुकीचाच उच्चार पक्का बसू शकतो. बाकी ‘विनासायास’ म्हणाल, तर दिवसभर भाषा कानावर पडूनही बाळाला पहिला शब्द बोलायला साधारण वर्ष लागतं.