कुर्बान म्हणा आणि मोकळे व्हा

वय सत्तावीस, नोकरी हिंजवडीला, मम्मी-पप्पा वडगाव शेरीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एवढी सामग्री जवळ असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. इतरांना आईबाप टाळायचे असले की 'वेळच मिळत नाही हो' एवढ्यावर भागतं. ख्रिस्ती माणसाचं तसं नाही. आपल्याला बायबलातलं वचन लागतं, अध्याय आणि ओवीसकट.

सुरुवातीलाच एक अडचण आहे, ती आधी काढून टाकू. 'आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख' ही आज्ञा तुम्ही संडेस्कूलमध्ये रंगीत चार्टवर पाठ केली होती. चार्ट लहान मुलांचा, तेव्हा आज्ञाही लहान मुलांचीच, असं धरून चाला. सीनाय डोंगराच्या पायथ्याशी, देवाने ती दिली तेव्हा, ऐकायला चांगले दाढीमिशांचे बाप्ये उभे होते, त्यांचेही आईबाप म्हातारे झालेले असणार, हे कुणी काढलंच तर चहा मागवा. आज्ञेसोबत 'देशात चिरकाळ राहशील' असं अभिवचनही आहे. ते मात्र सोडू नका. कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाईल टाकताना उपयोगी पडतं.

आता हत्यार. मत्तय दहा, सदतीस: जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. रविवारी दुपारी जेवायला ये म्हणून फोन आला की हे वचन मनात म्हणायचं. तुमच्याआधी ज्यांनी ते म्हटलं त्यांना जरा महाग पडलं. मराठी लेखक बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि घर दुरावलं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली घेतला, तर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ती माणसं घर सुटतंय म्हणून रडली. तुम्हाला त्याच वचनावर नुसतं मटण आणि वडे सोडायचे आहेत, आणि तेही मम्मी डब्यात भरून पाठवतेच.

पण खरी युक्ती मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. ती शोधून काढणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. येशूच्या काळी एक सोय होती. म्हाताऱ्या आईबापाला ज्या पैशाचा आधार व्हायचा, तो पैसा 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेला, असं म्हणून टाकायचं. झालं. मग तो आईबापाला देणं हेच पाप. मुलगा धार्मिक तो धार्मिक राहतो, आणि वर पैसाही वाचतो. येशूने यावरून परूशी आणि शास्त्री लोकांना, म्हणजे तेव्हाच्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना, चारचौघांत धुतलं: परंपरेच्या नावाखाली देवाचं वचनच रद्द करता म्हणाला. पण त्याने पैशाबद्दल म्हटलं होतं. वेळेबद्दल कुठे काय म्हटलंय?

म्हणून वेळ कुर्बान करा. शनिवारी वर्शिप टीमची प्रॅक्टिस, रविवारी सकाळी उपासना, मग तरुण संघ, मग 'फेलोशिप' (म्हणजे कॅम्पात बसून खाणं, पण फेलोशिप), बुधवारी बायबल स्टडी, शुक्रवारी उपास-प्रार्थना. उरलेले दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकने कधीच वाहून घेतले आहेत. दशांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, पगाराच्या दिवशीच द्या, अगदी पै न पै मोजून. पप्पांच्या बीपीच्या गोळ्या पप्पांच्या पेन्शनमधून येतात, त्यात देवाला कशाला ओढायचं? सरकारने २००७ साली आईबापांच्या निर्वाहखर्चाचा कायदा केला, त्यात दरमहा कमाल १०,००० रुपयांची मर्यादा घातली. घाबरू नका. तो मिळवायला आईबापाने न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. तुमची मम्मी अर्ज करणार नाही. फार तर मंडळीत प्रार्थना-विनंती देईल, तीसुद्धा तुमच्या प्रमोशनसाठी.

येशूचं उदाहरण देताना मात्र सांभाळून. बारा वर्षांचा असताना तो यरुशलेमेत मागे राहिला, आईबाप तीन दिवस शोधत होते, आणि मंदिरात सापडल्यावर त्याने त्यांनाच उलट प्रश्न केला, एवढंच सांगा. पुढे तो नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, ही ओळ येण्याआधी बायबल मिटा. योहानाचा एकोणिसावा अध्याय तर उघडूच नका. तिथे दोन्ही हात खिळलेले असताना तो माणूस आईची राहायची सोय लावतोय. तुमची तर नुसती ऑफिसची सोमवारची डिलिव्हरी आहे.

मम्मी-पप्पांनाही थोडं श्रेय देऊ. 'मान राख' त्यांना बरोबर आठवतं. बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका, हे इफिसकरांस पत्रातलं वाक्य मात्र आपल्या घरच्या बायबलात छापायचं राहिलं असावं. ख्रिस्तात ना यहूदी ना हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) हे पप्पा डोळे मिटून म्हणतात, आणि सुनेचा बायोडेटा आला की डोळे उघडून विचारतात, 'मूळचे कुठले? म्हणजे... मूळचे?' तेव्हा दोन्ही बाजूंनी वचनं सोयीनेच निवडली जातात. घराणं एकच.

आता शेवटची तालीम. मम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं बुधवारी आलं. तुम्ही म्हणायचं, 'मम्मी, बुधवारी स्टडी मीच घेतोय, आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करू.' ती म्हणेल, 'कर बाळा, कामाचं आधी.' मग शेजारच्या काकू, ज्यांच्या दारावर गणपती आहे आणि ज्यांच्या आत्म्याच्या तारणाची तुम्ही गेली चार वर्षं चिंता वाहता, त्या तिला हात धरून तीन जिने उतरवतील, रिक्षात बसवतील, दोन तास बाकावर बसतील, आणि घरी आल्यावर चार-चार तासांनी डोळ्यांत थेंब घालतील. त्याच संध्याकाळी तुमचा भाग तीमथ्याला पहिले पत्र, पाचवा अध्याय. आठव्या ओवीत, जो स्वकीयांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, असं काहीतरी आहे. ती ओवी भरभर वाचून पुढे चला.

काकूंना मात्र एकदा घरी चहाला बोलवा. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांकडचा चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचं प्रकरण गेलं होतं, पण आता तसा काही धोका नाही. चहा मम्मी करेल. फक्त पट्टी निघेपर्यंत थांबा.